‘काच साफ करतो’ म्हणून आणलेला सकर: चौदा महिन्यांचा अनुभव

काल संध्याकाळी ब्रिसलनोज या सकर माशाची साठ पिल्लं पिशव्यांत भरून स्टेशनजवळच्या दुकानात गेले आणि साठच्या साठ परत घेऊन आले. भावावरून बिनसलं. गेल्या वर्षीच्या आधीच्या डिसेंबरात याच काउंटरवर मी ‘कन्फर्म पेअर’ (खात्रीची नर-मादी जोडी) म्हणून नऊशे रुपये मोजले होते. काल तोच माणूस माझ्या दीड इंची पिल्लांना नगाला दहा रुपये म्हणाला. तेही रोख नाही, खाद्याच्या डब्यात वळते करून. त्याच्या मागच्या टँकवर चिठ्ठी होती, ‘ब्रिसलनोज १५०’. मी नुसतं बोट दाखवलं. तो म्हणाला, “ताई, तो विकायचा भाव आहे.”

रिक्षाचे येऊन-जाऊन ऐंशी गेले ते वेगळेच. त्या रागात हे लिहितेय, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

अँसिस्ट्रस (ब्रिसलनोजचं शास्त्रीय नाव) किती वाढतो, पाण्याचा पीएच किती, तापमान किती, हे तुम्हाला माहीत आहे असं धरते. जे कोणी सांगत नाही ते सांगते. हा मासा हगतो. सगळेच मासे शी करतात हो, पण हा जे करतो त्याला दुसरा शब्द नाही.

टँक अडीच फुटी, कागदावर ११० लिटर, रेती आणि लाकूड वजा जाता नव्वद. आणला नवऱ्याने. त्याची हौस पहिलं शेवाळ येईपर्यंत टिकली. मग दुकानदाराने सल्ला दिला, “सकर टाका, काच साफ करतो, वेगळं खायला घालावं लागत नाही.” काचेवरचा मऊ हिरवा थर तो खातो, हे खरं. पण कडक हिरवे ठिपके तसेच ठेवतो, ते शेवटी मीच जुन्या एटीएम कार्डाने खरवडते. आणि खायला लागत नाही म्हणे! आठवड्यातून तीनदा वाफवलेल्या दुधीची चकती, एकदा काकडी, शिवाय रात्री दिवे घालवल्यावर स्पिरुलिनाची गोळी. भाजीवाला विचारतो, दुधी एवढा लागतो का घरी.

मी हौसेने पांढरी रेती घातली होती. सकाळी उठून बघावं तर रेतीवर तपकिरी शेवया पसरलेल्या, बोटभर लांब, एकीत एक अडकलेल्या. दुधी दिला की हिरव्या, गाजर दिलं की केशरी. ड्रिफ्टवूड घातल्यावर तर सुतारकाम सुरू झालं. हे मासे लाकूड खरवडतात भरपूर, पचवतात थोडंच, बाकीचा भुसा मागून बाहेर. स्पंज फिल्टर आठवड्यात चिखलाने माखतो. सफाईला ठेवलेल्या बाईच्या मागे आपणच झाडू घेऊन फिरावं, तसं माझं झालं. दर रविवारी चाळीस मिनिटं सायफन, म्हणजे नळीने तळाचं घाण पाणी ओढणं, दोन बादल्या. त्या कुंड्यांना घालते, एवढाच काय तो परतावा. मोगरा यंदा वेड्यासारखा फुलला, हे मान्य करायला हवं.

पांढरी रेती चार महिन्यांनी काढून टाकली. तीनशे रुपये किलोमागे नव्हे, एकूण. तरी जीव तुटला. आता तळ नुसती काच आहे. पिल्लं काढायची असतील तर तसाही रिकामा तळच बरा.

आता ‘कन्फर्म पेअर’चं. दोन इंचाच्या ब्रिसलनोजमध्ये नर-मादी कोणालाच सांगता येत नाही, दुकानदाराला तर नाहीच. एप्रिलमध्ये दोघांच्याही नाकाडावर फांद्यांसारख्या मिशा फुटल्या, अगदी कपाळापर्यंत, आणि एका लाकडाखालच्या कपारीवरून रोज रात्री मारामारी सुरू झाली. गालावरचे काटे उभारून एकमेकांना ढकलायचे. मी फोटो घेऊन दुकानात गेले. “अहो ताई, मादीलाही मिशा असतात.” हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त चीड आली. मादीला असतात त्या ओठाच्या कडेला, बारीक, जेमतेम दिसतील अशा. कपाळावर झाडी उगवते ती नराच्याच. बदलून दिला नाही. “जिवंत माल परत घेत नाही.” ही पाटी त्या दिवशीपर्यंत मी वाचलेली नव्हती, काउंटरच्या आतल्या बाजूला लावली होती, म्हणजे ती फक्त त्यालाच दिसते.

दुसरा नर ऑफिसमधल्या एकीला दिला, फुकट. मे महिन्यात कुर्ल्याला जाऊन चार इंची मादी आणली. पोट भरलेली, तोंड गुळगुळीत, यावेळी वाकून-वाकून बघून घेतली. दुहेरी पिशवीच घ्या, गालाच्या काट्यांनी एकेरी पिशवीला भोक पडतं. डोंबिवलीपर्यंत लोकलमध्ये ती कापडी पिशवीत मांडीवर. शेजारच्या बाईंनी विचारलं, “कुठली मच्छी?” सांगितलं, दक्षिण अमेरिकेतली. “खातात?” नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

मग गुहा. ही प्रजात बिळात अंडी घालते आणि नराला अंगाला घट्ट बसणारी, एका बाजूने बंद अशी जागा लागते. मी ऑनलाइन ६४९ रुपयांची सिरॅमिकची गुहा मागवली. आजतागायत तिच्यात गोगलगायी राहतात. बाथरूमचं काम झालं तेव्हा प्लंबरने टाकून दिलेला दोन इंची पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा होता, एका टोकाला टोपण. तो सहज टाकला तर दुसऱ्या दिवशी साहेब आत आणि शेपूट बाहेर. ६४९ रुपये. परत करायला गेले तर ‘पाण्यात वापरलेली वस्तू’. मग काय, कोरडी वापरायची होती?

तसंच बदामाच्या पानांचं. पाणी जरा तपकिरी, आम्लधर्मी व्हावं आणि बुरशी कमी धरावी म्हणून ती घालतात. वीस पानं अडीचशे रुपये, बाहेरून आलेली. आमच्या सोसायटीच्या गेटपाशी देशी बदामाचं झाड आहे आणि थंडी सरता सरता लाल पानांचा सडा पडतो. वॉचमनदादांनी पहिल्यांदा विचारलं, आता ते स्वतःच वाळलेली, डाग नसलेली वेगळी काढून ठेवतात. हीटरही घेऊ नका. डोंबिवलीत टँकचं पाणी मे महिन्यात ३१ अंशांवर जातं, तिथे हीटर कशाला? माझा खोक्यात पडून आहे, कोणाला हवा असेल तर निम्म्या किमतीत देईन.

जून संपेपर्यंत माझं मत होतं, पाचपैकी दीड. आणि इथे मला ते बदलावं लागलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात घाणीने कंटाळून मी एकाच दिवशी निम्मं पाणी बदललं. पिंपात रात्रभर मुरवलेलं, पावसामुळे थंडगार झालेलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. मला कसलीही पैदास करायची नव्हती, शेवया घालवायच्या होत्या. पण तिकडच्या नद्यांना पावसाचं गार पाणी आलं की या माशांचा हंगाम लागतो, आणि मी नकळत बादलीने तोच पाऊस पाडला होता. म्हणजे त्याने एवढी घाण केली नसती तर मी एवढं पाणी बदललं नसतं, आणि एवढं पाणी बदललं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं. त्याच्या शीला दिलेल्या शिव्या तेवढ्यापुरत्या मागे घेते.

पाइपात टॉर्च मारला तर आत झेंडूच्या रंगाचा घोस. साबुदाण्यासारखे दाणे एकमेकांना चिकटलेले. मादी अंडी घालून निघून जाते, तिचा पुढे काही संबंध नाही. नर आत बसतो आणि पंखांनी वारा घालत राहतो, दिवसरात्र, जवळजवळ काही न खाता. (त्या दिवसांत शी कमी. नोंद घ्यावी.)

पहिली खेप त्यानेच दुसऱ्या दिवशी बाहेर ढकलली. नवखा नर असं करतो. चहाच्या गाळणीत अंडी ठेवली, खाली हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, पाण्यात मिथिलीन ब्लू या बुरशीवरच्या निळ्या औषधाचे थेंब. चाळीसेकांपैकी बहुतेक पांढरी पडून बुरशी लागली, अकरा जगली. गाळणी निळी झाली ती कायमची. नवी ३५ रुपये.

दुसरी खेप ऑगस्टअखेर, आणि या वेळी मी हात लावला नाही. चौथ्या रात्री साडेअकराला वीज गेली. पावसात आमच्याकडे नेहमीचंच. एअर पंप बंद, फिल्टर बंद. बॅटरीवरचा पंप होता, त्याचे मोठे सेल नवऱ्याने टॉर्चमध्ये घातलेले, आणि टॉर्च गावाला. मी मोबाइलच्या उजेडात पाइपासमोर बसले. तो अंड्यांवर पोटाने आडवा, एक पंख खाली, एक वर, अगदी एका लयीत. मधेच थांबायचा, तोंडाने एखादा दाणा चाचपायचा, जणू नाडी बघतोय, आणि पुन्हा सुरू. वीज सकाळी सहाला आली. अध्येमध्ये मला डुलकी लागली, पण जितक्या वेळा जाग आली तितक्या वेळा ते पंख हलतच होते.

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. त्या हर्णैच्या. सकाळी चहा घेऊन टँकसमोर बसल्या. “अगं, शिंगाळ्याचं पण असंच. बापाच्या तोंडात अंडी. साफ करताना गोट्यांएवढी निघायची, तेवढे दिवस तो खात पण नाही.” मी शोधून पाहिलं तर अक्षरशः खरं. समुद्रातल्या शिंगाळ्यांत नर अंडी तोंडात धरून फिरतो. आपल्या बंदरावरचा शिंगाळा आणि अॅमेझॉनकडचा हा, दोघेही कॅटफिशच्याच मोठ्या गोतावळ्यातले. मग त्यांनी पेपर वाचत बसलेल्या आपल्या मुलाकडे बघितलं आणि काही न बोलता चहा संपवला.

पाचव्या दिवशी अंडी फुटली. पिल्लं म्हणजे केशरी पोतं (अंड्यातल्या बलकाची पिशवी) आणि त्याला शेपटी. आठवडाभर ती पोतडी पुरते, तोवर बाप त्यांना बिळाबाहेर पडू देत नाही. मग एका सकाळी काचेवर नखाएवढे सकर, सगळे तोंड चिकटवून. फोटो काढून मोजले, त्र्याहत्तर. आणि प्रत्येकाच्या मागे एकेक बारीक धागा.

त्र्याहत्तर धागे! रोज वीस टक्के पाणी बदलायचं, एअरलाइनच्या बारीक नळीने एकेक धागा ओढायचा, पिल्लू ओढलं गेलं की बादलीतून चमच्याने परत. यातली तेरा गेली, बहुतेक एका रविवारी मी लग्नाला गेले आणि दुधीची चकती पाण्यात सडली त्यात. तो दोष माझा. उरलेली साठ सुक्या बाल्कनीतल्या टबात वाढली.

पैशासाठी कोणी यात पडणार असेल तर थांबा. ज्यात पैसा आहे ते मासे वेगळे. १९८८ साली एका जर्मन मासिकाने नावं न लागलेल्या सकरांना एल-नंबर द्यायला सुरुवात केली, त्यातला एल-०४६ म्हणजे झेब्रा प्लेको. ब्राझीलच्या शिंगू नदीतला, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. ब्राझीलने त्याची निर्यात बंद केली, वर त्याच नदीवर बेलो मोंते धरण आलं. तो माझ्या ऐपतीबाहेरचा आणि त्याची शी कशी असते ते मला बघायचंही नाही.

एक मात्र दुकानात विचारून घ्या. ‘सकर’ म्हणून जो दहा-वीस रुपयांना मिळतो तो बहुधा टेरिगोप्लिक्थिस नावाचा वेगळाच सकर असतो, फूटभर आणि त्याहूनही मोठा होतो. लोक कंटाळून तलावात सोडतात, आणि पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत तो माजला, वाराणसीला गंगेतही सापडला. बोटभर असताना गोंडस दिसतो म्हणून घेऊ नका. ब्रिसलनोज पाच इंचांवर थांबतो. या बाबतीत दुकानदाराने मला फसवलं नाही, एवढं श्रेय देते.

मधल्या काळात सहा ब्राँझ कोरीही (तळाशी फिरणारे छोटे कॅटफिश) घेतल्या. शांत, स्वच्छ, घोळक्याने राहतात, मधूनच वर येऊन हवेचा घोट घेतात. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी कोरीडोरास या त्यांच्या गटाची वाटणी केली, त्यात या ऑस्टिओगॅस्टर गटात गेल्या. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, त्यामुळे लिहिण्यासारखंही काही नाही.

तर आता माझं मत. काच साफ करायला घेणार असाल तर पाचपैकी एक. एटीएम कार्ड घ्या. पिल्लांसाठी, पाइपातल्या त्या शेपटीसाठी घेणार असाल तर साडेचार. अर्धा का कापला ते तुम्हाला माहीत आहे.

पिल्लं बाल्कनीतच आहेत. काल रात्री ठरवलं होतं, दहा रुपयांना मुळीच द्यायची नाहीत, त्यापेक्षा सोसायटीत वाटीन. आज सकाळी सायफन करताना पाइपात सहज टॉर्च मारला. आत पुन्हा झेंडू. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, “मग आता भांडू नकोस. बारा म्हणतो का बघ.”