किबाले, महाले, गोम्बे की न्युंग्वे? जंगलातला चिंपांझी बघायला कुठे जावं

आधी एक गैरसमज काढून टाकू. आफ्रिकेची सहल ठरत असली की हमखास कुणीतरी म्हणतं, "मसाई माराला जातोच आहोत, तर चिंपांझीही उरकून घेऊ." केनियात जंगली चिंपांझी नाहीत. तिथे ओल पेजेटा या अभयारण्यात दिसतात ते सोडवून आणलेले आणि कुंपणाआड ठेवलेले. युगांडात व्हिक्टोरिया सरोवरातल्या एनगांबा बेटावरचेही तसेच, 1998 पासून तिथे सांभाळलेले अनाथ. काम मोलाचं आहे, जरूर बघा, पण ते बघून "जंगलात चिंपांझी पाहिला" असं म्हणता येणार नाही. जंगलातला हवा असेल तर आपल्यासारख्या पर्यटकाला खरे पर्याय तीन देशांत आहेत: युगांडा (किबाले), टांझानिया (गोम्बे आणि महाले) आणि रवांडा (न्युंग्वे).

पद्धत सगळीकडे साधारण एकच. संशोधक किंवा रेंजर एखाद्या टोळीच्या मागे वर्षानुवर्षं रोज फिरतात, शेवटी ती टोळी माणसाळते, म्हणजे माणूस दिसला तरी पळत नाही. फक्त अशाच टोळीकडे तुम्हाला नेतात. टोळी सापडली की एक तास मिळतो. तोंडाला मास्क, मध्ये काही मीटर अंतर, आणि सर्दी-खोकला असेल तर जाऊच देत नाहीत. हा नुसता सोपस्कार नाही. 2013 साली किबालेच्या कान्यावारा टोळीत आपल्या साध्या सर्दीच्या विषाणूने पाच चिंपांझी मेले होते.

आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. गोरिला बसतो, चिंपांझी चालतो. गोरिलाचं कुटुंब पाला चघळत एका जागी पसरलेलं असतं. चिंपांझींची टोळी मात्र दिवसभर फुटते आणि पुन्हा जमते. कधी दोघं इकडे, कधी दहा तिकडे, कधी सगळे झाडाच्या शेंड्यावर. त्यामुळे "दिसतील का?" यापेक्षा "कसे दिसतील?" हा प्रश्न महत्त्वाचा, आणि जागा निवडताना खरा फरक तिथेच पडतो.

युगांडातलं किबाले सगळ्यात सोयीचं. सुमारे 795 चौरस किलोमीटरचं जंगल, चिंपांझी दीड हजारांच्या आसपास, शिवाय माकडांच्या इतर अनेक जाती. कंपालाहून फोर्ट पोर्टलपर्यंत पाच-सहा तासांचा पक्का रस्ता. जमीन बरीचशी सपाट. राजगड चढून आलेल्या माणसाला इथे चालण्याचा त्रास नाही, फक्त पँट मोज्यात खोचायची. सह्याद्रीत आपण जळवांसाठी खोचतो, इथे मुंग्यांसाठी. त्या चावल्या तर जळू परवडली.

आम्ही सकाळच्या तुकडीत होतो. पाऊण तास नुसती ओली पायवाट. मग पुढची रेंजर बाई थांबली आणि बोट वर केलं. आधी काहीच दिसलं नाही, नुसता आवाज: टप्, टप्. अर्धवट चावलेली उंबरं खाली पडत होती. मान मागे टाकली तर वीस-पंचवीस मीटरवर काळे गोळे. दहा मिनिटं असंच, मान अवघडली. मग एक मोठा नर नारळवाल्यासारखा खोडाला हात-पाय लावत सरसर उतरला आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघता पायवाटेने चालू लागला. दूरवरून दुसऱ्या टोळक्याची हाक आली, हू-हू करत चढत जाणारी. त्याबरोबर याचे केस ताठ झाले. पळत जाऊन त्याने एका झाडाच्या भिंतीसारख्या पसरलेल्या मुळांवर हातापायांनी धडाधड थापा मारल्या. तो आवाज कानापेक्षा पोटात जास्त जाणवतो. तास संपला तेव्हा माझ्याकडे दोनशे फोटो होते, त्यातले दीडशे पाठीचे.

म्हणूनच माझं मत: किबालेला जाणार असाल तर एका तासाच्या परमिटऐवजी पूर्ण दिवसाचा कार्यक्रम घ्या. साधं परमिट परदेशी पाहुण्याला 2024 च्या जुलैपासून 250 डॉलर आहे, पूर्ण दिवसाचं त्याहून बरंच महाग. पण चिंपांझी रोज रात्री फांद्या मोडून नवं घरटं बांधतो. पूर्ण दिवसात तुम्ही पहाटे तो त्या घरट्यातून उतरतो तेव्हा त्याच्यासोबत निघता आणि दुपारच्या सुस्तीत तो पिल्लाच्या अंगावरून बोटं फिरवत बसलेला बघता. तासाभराच्या भेटीत हे मिळालं तर नशीब. गोरिलाच्या परमिटला युगांडात 800 आणि रवांडात 1500 डॉलर पडतात, हे लक्षात घेतलं की हा खर्च उगाच वाटत नाही.

युगांडातच आणखी दोन जागा आहेत. मर्चिसन फॉल्सजवळचं बुडोंगो चांगलं, धबधब्याच्या वाटेवरच येतं. क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यानातली क्याम्बुरा दरी दिसायला अप्रतिम, गवताळ माळ अचानक फाटून खाली जंगल लागतं. पण तिथले चिंपांझी थोडे आणि बाकीच्या जंगलांपासून तुटलेले. परमिट स्वस्त, पण हात हलवत परतायची तयारी हवी.

टांझानियाची गोष्ट वेगळी. दोन्ही जागा देशाच्या पार पश्चिमेला, टांगानिका सरोवराच्या काठावर. सेरेंगेटीच्या सहलीत "वाटेत" बसवता येतील असं वाटत असेल तर नकाशा काढून बघा.

गोम्बे लहान आहे, जवळपास 50 चौरस किलोमीटर. जुलै 1960 मध्ये सव्वीस वर्षांची जेन गुडॉल चिंपांझींचा अभ्यास करायला इथे उतरली, आणि त्याच वर्षी डेव्हिड ग्रेबर्ड या नराला गवताची काडी वारुळात घालून वाळवी काढून खाताना तिने पाहिलं. अवजार बनवून वापरणारा प्राणी एकटा माणूस, ही समजूत तिथे मोडली. ऑक्टोबर 2025 मध्ये गुडॉल वारल्या, तरी त्या टोळीचा अभ्यास अजून चालू आहे. आपल्यातल्या भाविकाला पंढरपूर जसं, तसं प्राणीप्रेमींना गोम्बे. सरोवरकाठच्या किगोमा गावाहून बोटीने जायचं, प्रवेशशुल्क दिवसाला 100 डॉलर आणि वर कर. पण चढ खडे आहेत, जंगल छोटं आहे आणि राहायची सोय साधी. ज्यांना या जागेचा इतिहास माहीत नाही त्यांनी केवळ चिंपांझीसाठी एवढी वाट वाकडी करू नये.

महाले मात्र सगळ्यात देखणं. डोंगर थेट सरोवरात उतरलेले, काठावर पांढरी वाळू, गाडीरस्ता नाहीच. 1965 पासून जपानी संशोधक इथे टोळ्यांचा अभ्यास करत आले. दोन चिंपांझी समोरासमोर बसून एकमेकांचा हात वर उंच धरतात आणि दुसऱ्या हाताने एकमेकांची काख साफ करतात, ही रीत प्रथम इथेच नोंदली गेली. गोम्बेत ती दिसत नाही. दोन्ही टोळ्या एकाच सरोवराच्या काठावरच्या, पण चालीरीती वेगळ्या. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये टोळी बहुतेक वेळा डोंगराच्या खालच्या अंगाला असते आणि चिंपांझी अगदी पायवाटेवर पसरलेले दिसतात, एरवी घाम गाळावा लागतो. अडचण पैशाची. पार्कचं शुल्क 80 डॉलर आणि कर, पण पोचायला छोटं विमान, आणि नावाजलेल्या कॅम्पात माणशी एका रात्रीला हजार डॉलरच्या पुढे सहज जातात. मोठ्या पावसात, मार्च ते मे, बरेच कॅम्प बंदच असतात.

रवांडाच्या न्युंग्वेबद्दल थोडक्यात. जुनं, ओलं, डोंगराळ जंगल, 2023 मध्ये जागतिक वारसा यादीत आलेलं. झाडांच्या माथ्यावरून जाणारा झुलता पूल आहे, जंगल म्हणून ते किबालेहून सरस. पण पहाटे अंधारात निघायचं, उतार निसरडे, आणि झाडी इतकी दाट की चिंपांझी दिसतात त्याहून जास्त ऐकू येतात. राजधानी किगालीतून गोरिला बघायला जाणारच असाल तर जोडून घ्या.

मला कुणी विचारलं तर असं सांगेन. पहिल्यांदा जाताय, सोबत साठीतले आई-बाबा आहेत, सुट्टी दहा दिवसांची: किबाले, दुसरा विचार नको. गोरिलाही करायचे असतील तर युगांडा, रवांडा आणि केनिया मिळून 100 डॉलरचा एकत्र व्हिसा मिळतो. टांझानिया त्यात नाही. मुलं लहान असतील तर थांबा. चिंपांझीच्या वाटेवर वयाची अट सगळीकडे आहे, गोरिलासाठी ती 15 वर्षांची. पैसे आहेत, घाई नाही, आणि आयुष्यात एकदाच जाणार आहात: ऑगस्टनंतर महाले, किमान तीन रात्री. एका रात्रीसाठी तिथे जाणं म्हणजे पैसे सरोवरात टाकणं.

मुंबईहून युगांडातल्या एंटेबे विमानतळाला थेट विमान ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झालं. उड्डाणाचे दिवस बदलतात, म्हणून परमिटची तारीख आधी पक्की करा आणि तिकीट नंतर. खाण्याची चिंता करू नका. कंपालाच्या रस्त्यावर "रोलेक्स" मागा, गरम चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट येईल. चपाती तिथे आपल्याकडूनच गेलेली. शाकाहारी असाल तर मटोके, उकडलेल्या हिरव्या केळ्यांचा लगदा, त्यावर शेंगदाण्याची आमटी.

आणि पिवळ्या तापाची लस. सरकारमान्य केंद्रावर घ्यायची, दाखला दहा दिवसांनी लागू होतो. युगांडाहून परतताना तो दाखला नसेल तर मुंबई विमानतळावरून घरी न जाता सहा दिवस विलगीकरणात जावं लागू शकतं. लसीच्या तारखा सहज मिळत नाहीत, तेव्हा कॅमेऱ्याची लेन्स नंतर घ्या.