कोचची पहिली फुकट भेट: पैसे भरण्याआधी काय तपासायचं

एक्झिक्युटिव्ह कोच, करिअर कोच, लाइफ कोच अशी पाटी लावायला आपल्याकडे कुठलाही परवाना लागत नाही. दोन दिवसांची कार्यशाळा उरकलेलाही कोच आणि वर्षानुवर्षं हेच काम करणाराही कोच. पहिली भेट मात्र बहुतेकांची सारखीच असते: झूमवर अर्धा तास, फुकट, नाव ‘केमिस्ट्री कॉल’, म्हणजे दोघांचं जमतं का हे बघण्याची भेट. ही भेट म्हणजे सेवेचा नमुना. त्यात विक्री किती आणि काम किती, हे बघायचं.

त्याआधी कागद. सर्वात जास्त दिसणारं प्रमाणपत्र आयसीएफचं, म्हणजे इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचं. त्याच्या तीन चढत्या पायऱ्या आहेत: एसीसीला किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग लागतं, पीसीसीला १२५ आणि ५००, एमसीसीला २०० आणि २,५००. दर तीन वर्षांनी नूतनीकरण. नाव आयसीएफच्या संकेतस्थळावर शोधता येतं, तेव्हा प्रोफाइलवरच्या चिन्हावर विसंबू नये. खरी मेख इथे आहे: ‘आयसीएफ-मान्य कोर्स पूर्ण’ किंवा ‘आयसीएफ सभासद’ म्हणजे प्रमाणित कोच नव्हे. या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि बायोडेटात त्या सोयीस्करपणे एकमेकींत मिसळलेल्या असतात.

कागदावरून तास कळतात, हात कळत नाही. तो बघायला भेटीत स्वतःचा खरा, पण आटोपशीर प्रश्न न्यावा. ‘मला आयुष्यात काय करायचंय?’ याने काहीच तपासून होत नाही. समजा, चाकणच्या कारखान्यात नुकताच शिफ्ट इन्चार्ज झालेला माणूस म्हणतो, “पाटील सर माझ्याआधीपासून लाइनवर आहेत. माझं ऐकत नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांचं अप्रेझल मलाच करायचंय.”

कच्चा कोच लगेच विचारतो, “तुम्ही त्यांना एकदा चहाला का नेत नाही?” हा सल्लाच, फक्त प्रश्नचिन्ह लावलेला; कोचचं काम सल्ला देणं नाही, प्रश्न विचारून माणसाला स्वतःचं उत्तर शोधू देणं. मग स्वतःचा कॉर्पोरेट अनुभव सुरू होतो आणि अर्ध्या तासातली वीस मिनिटं तोच बोलतो. मुरलेला कोच आधी हद्द आखून घेतो: “आजच्या बोलण्यातून काय हाती लागलं तर तुमचं काम होईल?” मग ऐकतो, आणि थोड्या वेळाने म्हणतो, “मघापासून तुम्ही त्यांना ‘सर’ म्हणताय. अप्रेझलला बसल्यावरही ‘सर’च म्हणणार?” एवढं बोलून गप्प बसतो. ही शांतता त्याला पेलते का, हे जरूर बघावं. पाच सेकंदांत स्वतःच उत्तर सुचवणारा किंवा एका दमात तीन प्रश्न विचारणारा पुढच्या सेशन्समध्येही तेच करेल.

भाषेकडेही लक्ष असू द्या. आपल्याकडे बऱ्याच जणांचं प्रशिक्षण इंग्रजीत झालेलं असतं. गाडी मुद्द्यावर आली की मराठी कोचही पुस्तकी इंग्रजीत घुसतो आणि समोरचा माणूस तोलूनमापून बोलायला लागतो. ‘मी मराठीतच बोलणार’ असं सांगून बघावं. अडखळला तरी चालेल, टाळाटाळ नको.

शेवटची दहा मिनिटं आपल्या प्रश्नांसाठी राखून ठेवावीत. तुमच्या कामावर सुपरव्हिजन, म्हणजे दुसऱ्या अनुभवी कोचची नजर, कोणाचं असतं? कोणत्या माणसाला तुम्ही नाही म्हणता? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त महत्त्वाचं. महिनोन्‌महिने झोप नाही, सतत निराशा, असं काही असेल तर ते काम मानसोपचारतज्ज्ञाचं किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं. ‘माझ्याकडे सगळ्यावर इलाज आहे’ म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा. जुन्या क्लायंटच्या कहाण्या नावानिशी सांगणाराही नको. उद्या आपलीही कहाणी अशीच फिरेल.

पैशाचा भाग सरळ आहे, तरी बरेच जण तिथेच फसतात. ‘आजच भरलं तर निम्मी फी’ ही ऑफर ऐकली की कॉल बंद करायला हरकत नाही. बारा सेशन्सचं पॅकेज आगाऊ घेण्यापेक्षा तीनचं घ्यावं आणि मग दोघांनी मिळून आढावा घ्यावा. एका सेशनची लांबी किती, किती तास आधी कळवलं तर सेशन बुडत नाही, उरलेल्या सेशन्सचे पैसे परत मिळतात का, आणि सांगितलेली फी १८ टक्के जीएसटी धरून की वगळून, हे विचारावं.

फी कंपनी भरणार असेल तर आणखी एक गोष्ट. एचआरला नेमकं काय कळणार? ठरलेली उद्दिष्टं आणि हजेरी, इतकंच जायला हवं. सेशनमधलं बोलणं नाही. बॉसबद्दल तोंड उघडण्याआधी हे कोच, एचआर आणि आपण, तिघांच्या ईमेलवर लेखी घ्यावं.