बारा मंगळवार आणि एक पान: स्त्री-आरोग्यातल्या नव्या संशोधकांसाठीच्या मेंटरिंग कार्यक्रमाचा अनुभव

आधीच सांगते, या कार्यक्रमाला फी नव्हती. त्यामुळे पैसे वसूल झाले का, हा प्रश्नच नाही. बारा मंगळवार वसूल झाले का, एवढंच बोलायचंय. माझा हिशोब असा: आठ झाले, चार वाया गेले. त्या आठांतला एक मात्र असा होता, की तेवढ्यासाठीही मी नाव नोंदवलं असतं.

कार्यक्रमाचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि चालवणारी माणसं आपापली नोकरी सांभाळून हे करतात. स्वरूप साधारण असं: पीएचडी किंवा वैद्यकीय शिक्षण संपून फार वर्षं न झालेल्या, स्त्रियांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या चोवीस जणांची तुकडी. (त्यात तीन पुरुष. पहिल्या दिवशी तिघांनीही आपण इथे का आलो याचं स्पष्टीकरण दिलं, जे कुणी मागितलं नव्हतं.) सगळं ऑनलाइन, आठवड्याला दोन तास, प्रत्येकाला एक मेंटर, आणि शेवटी अर्जांना गुण देणारं लुटुपुटूचं परीक्षक मंडळ. दावा दोन गोष्टींचा आहे: अनुदान कसं मिळवायचं ते शिकवू, आणि करिअर उभं करायला मदत करू. पहिलं त्यांना छान जमतं.

मी मूळची फिजिओथेरपिस्ट. बाळंतपणानंतर खोकताना, शिंकताना, उडी मारताना लघवी निसटते, त्यावर व्यायामाने कुणाला फरक पडतो आणि कुणाला पडत नाही, हा माझा विषय. चारचौघांत विषय सांगितला की समोरचा माणूस दुसरंच काहीतरी बोलायला लागतो. अर्ज वाचणाऱ्यांचंही थोडंफार तसंच होत असावं, असं मला बरेच दिवस वाटत होतं. ते अगदीच खोटं नाही, पण माझ्या अर्जांची गाडी दुसरीकडेच अडत होती.

पहिल्या मंगळवारी वाटलं, आता नमनाला घडाभर तेल जाणार. पण सत्र घेणाऱ्या बाईंनी थेट पात्रतेच्या अटी उघडल्या. त्यांचं म्हणणं, निधी कुठे आहे हे नंतर बघा, आधी तुमचं घड्याळ किती वाजलं ते बघा. प्रत्येक संस्थेचं घड्याळ वेगळ्या ठिकाणी सुरू होतं. एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत शेवटची पदवी किंवा क्लिनिकल प्रशिक्षण संपल्यापासून १० वर्षं तुम्ही ‘नवे’ असता, आणि त्या काळात बाळंतपण झालं असेल तर मागितल्यावर एक वर्ष वाढवून मिळतं. त्यांच्याच के९९ या करिअर अनुदानाचं घड्याळ पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन-नोकरीच्या, अनुभवावर चालतं, आणि ते फक्त ४ वर्षांचं. युरोपियन रिसर्च कौन्सिल आईला प्रत्येक मुलामागे १८ महिने वाढवून देते. युरोपियन युनियनच्या मेरी क्युरी फेलोशिपला पीएचडीनंतर ८ वर्षांच्या आतला संशोधनाचा अनुभव चालतो, आणि संशोधनाबाहेर गेलेला काळ त्यात धरत नाहीत.

मग प्रत्येकाने कागदावर एक आडवी रेघ मारायची, त्यावर पदवी, नोकरी, बाळंतपण, आजारपण, बदली अशा खुणा करायच्या आणि एकेका योजनेची पट्टी तिच्यावर ठेवून बघायची. मी मुलीच्या जन्मानंतरचे चौदा महिने ‘बुडाले’ म्हणून सोडून दिले होते. जिची मुदत संपली असं धरून मी जिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, त्या फेलोशिपसाठी माझ्याकडे अजून सात महिने शिल्लक निघाले. आमच्यातल्या आणखी तिघींचं असंच काही ना काही निघालं. अटी काय सगळ्यांनीच वाचलेल्या असतात, पण आपल्याला बाहेर काढणारी ओळ सापडली की पुढे कुणी वाचत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मंगळवारी योजनांची ओळख झाली. फार खोलात शिरत नाही, पण एक भेद मला इथेच नीट कळला: काही पैसे माणसाला मिळतात, काही संस्थेला. एनआयएचचा बर्च नावाने ओळखला जाणारा कार्यक्रम २००० साली सुरू झाला, तो दुसऱ्या जातीचा. अनुदान विद्यापीठाला, आणि विद्यापीठ आपल्यातले नवे संशोधक निवडणार. त्याच्याही आधी, १९९८ मध्ये, स्त्रीरोगतज्ज्ञांना संशोधनाकडे वळवण्यासाठी असाच एक सुरू झाला होता. तुम्ही त्या संस्थेत नसाल तर तुमचा अर्ज कितीही सुंदर असो, दारच नाही. शिवाय एनआयएचच्या बहुतेक करिअर अनुदानांना नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याची अट असते, के९९ ला नसते. हे एक वाक्य आधी कुणी सांगितलं असतं तर माझ्या एका मैत्रिणीचा अख्खा हिवाळा वाचला असता.

आता पाचवा मंगळवार.

त्या दिवशी प्रत्येकाचं उद्दिष्टांचं पान, म्हणजे काय शोधणार आणि का हे सांगणारं अर्जाचं पहिलं पान, सगळ्यांसमोर स्क्रीनवर येतं, आणि अनेक वर्षं परीक्षक म्हणून काम केलेल्या एक बाई ते मोठ्याने वाचतात. नुसतं वाचतात, सुरुवातीला एक अक्षरही बदलत नाहीत. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून आलं की कुठे जीभ अडते ते आपोआप कळतं. माझं पान उघडत होतं ते ‘मूत्र-असंयम ही स्त्रियांच्या जीवनमानावर दूरगामी परिणाम करणारी गंभीर समस्या आहे’ या वाक्याने. त्यानंतर पाव पानभर इतिहास: १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायचा सल्ला कसा दिला, १९९३ मध्ये तो कसा मागे घेतला, त्याच वर्षी स्त्रियांना क्लिनिकल संशोधनात घेण्याबद्दल कायदा कसा झाला. मला हा भाग फार आवडत होता. बाई म्हणाल्या, ‘हे सगळं खरं आहे, पण तुम्ही तर औषधाची चाचणी करतच नाही आहात.’ पाव पान गेलं.

मग त्यांनी विचारलं, लघवी गळते हे तुम्ही मोजता कसं?

मी सांगितलं. एक तासाची पॅड टेस्ट. कोरा पॅड वजन करून द्यायचा. चाचणीला आलेल्या बाईने अर्धा लिटर पाणी प्यायचं. थोडं बसायचं, मग अर्धा तास चालायचं, त्यात एक जिना चढउतार. नंतर दहा वेळा खुर्चीतून उठायचं, दहा वेळा जोरात खोकायचं, एक मिनिट जागच्या जागी धावायचं, जमिनीवरची वस्तू पाच वेळा वाकून उचलायची, आणि शेवटी एक मिनिट वाहत्या पाण्याखाली हात धुवायचे. पॅड परत वजनकाट्यावर. वजन एक ग्रॅमपेक्षा जास्त वाढलं, तर गळती आहे.

स्क्रीनवरच्या चोवीस चौकटींत शांतता. बाई म्हणाल्या, ‘हे पानात कुठे आहे?’ मी म्हटलं, चौथ्या पानावर, पद्धतीत. ‘वर आणा. तो एक ग्रॅम आणि ते हात धुणं, दोन्ही वर आणा.’

खरं सांगायचं तर मी ताकाला जाऊन भांडं लपवत होते. विषयाची लाज मला नाही असं मी समजायचे, पण ‘जीवनमान’ आणि ‘दूरगामी परिणाम’ यांच्यामागे मीच लपले होते. आता माझं पान एका बाईच्या हात धुण्यापासून सुरू होतं, आणि ते कुणाला वाचायला दिलं की माणूस दुसऱ्या परिच्छेदापर्यंत जातोच.

त्याच बैठकीत दुसरा फटका बसला. माझं दुसरं उद्दिष्ट पहिल्यावर उभं होतं: आधी कोणत्या बायकांना व्यायामाचा उपयोग होतो ते ओळखायचं, मग त्यांच्यासाठी वेगळा व्यायाम आखायचा. पहिल्यात काहीच हाती लागलं नाही तर दुसऱ्याचं काय? उत्तर नव्हतं. ते पुढचे दोन आठवडे शोधलं. बजेटच्या सत्रातही एक बारीक पण कामाची गोष्ट मिळाली. मी अल्ट्रासाउंडच्या यंत्रासाठी तरतूद केली होती, पण तान्ही बाळं घेऊन येणाऱ्या बायका चाचणीचा तासभर ते बाळ कुणाकडे देणार, याची नव्हती. बाळ सांभाळणाऱ्या माणसाचा पगार बजेटमध्ये टाकता येतो, हे मला सुचलंच नव्हतं. तेही मलाच!

इथपर्यंत पैकीच्या पैकी. आता दुसरी बाजू.

मेंटरची जोडी लावताना त्यांनी ‘स्त्री-आरोग्य’ ही एकच टोपली धरली. मला मिळालेले मेंटर अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करतात. माणूस सज्जन, पण पॅड टेस्ट त्यांना मीच समजावून सांगितली. सहा भेटी ठरल्या होत्या, त्यातल्या तीन रद्द झाल्या. उरलेल्यांपैकी एकीत त्यांनी मला प्रयोगशाळा कशी उभारावी ते सांगितलं. माझी प्रयोगशाळा म्हणजे एक जिना, एक वजनकाटा आणि एक बेसिन.

करिअरचा भाग तर वरवरचा वाटला. नववा मंगळवार ‘चिवटपणा’ या विषयावर, दहावा स्वतःची ओळख कशी निर्माण करावी यावर. दोन अनुदानांच्या मधल्या महिन्यांत पगार कोण देतं, यावर बारा आठवड्यांत एक तासही नाही. अमेरिकेतली बरीच करिअर अनुदानं ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवायची अट घालतात, म्हणजे ओपीडीने माणूस गिळू नये. ही अट शिकवली, पण असा वेळ लिहून द्यायला विभागप्रमुख तयार नसेल तर काय करायचं, हे मी चॅटमध्ये विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘विभागप्रमुखांशी मोकळेपणाने बोला.’ आणि निधीच्या लहरीपणाबद्दल तर चकार शब्द नाही. १९९० च्या दशकापासून दीड लाखाहून जास्त बायकांचा पाठपुरावा करणाऱ्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अमेरिकेतल्या अभ्यासाच्या केंद्रांचे पैसे थांबणार अशी बातमी एप्रिल २०२५ मध्ये आली, आणि काही दिवसांतच निर्णय फिरला. इतक्या मोठ्या कामाची ही कथा, तर एका फेलोशिपवर बसलेल्या माणसाने दुसरा आधार कसा शोधावा, हा विषय खरं तर चिवटपणाच्या जागी हवा होता.

शेवटच्या लुटुपुटूच्या मंडळात एनआयएचसारखे १ ते ९ गुण होते. १ म्हणजे उत्तम. मला ४ मिळाले. म्हणजे माझ्या विरोधात कुणी भांडणार नाही आणि माझ्या बाजूनेही कुणी भांडणार नाही. एका परीक्षकाने लिहिलं की ठरवलेल्या मुदतीत एवढ्या बायका मिळतील याचा पुरावा दिसत नाही. बरोबर होतं, नव्हताच. आता एका प्रसूतिगृहातल्या नोंदवह्या बघून तो आकडा काढतेय. खऱ्या फेलोशिपची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट मात्र माझी नाही. आमच्या तुकडीतली एक जण सहाव्या आठवड्यात बाळंत झाली. चार मंगळवार चुकले. सत्रांची रेकॉर्डिंग देत नाहीत, ‘मोकळी चर्चा व्हावी म्हणून’. प्रमाणपत्राला ८० टक्के हजेरी लागते, तिची भरली बारापैकी आठ. तिला प्रमाणपत्र नाकारलं. प्रत्येक मुलामागे १८ महिने मिळतात हे ज्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं, त्यांनीच!

पाचपैकी साडेतीन तारे. पुढच्या तुकडीला अर्ज करणार असाल तर मेंटरच्या रकान्यात विषय लिहू नका, तुम्ही काय आणि कशाने मोजता ते लिहा. पाचवा मंगळवार ताप असला तरी चुकवू नका, नववा आणि दहावा झोप काढा. प्रमाणपत्राबद्दल आम्ही सात जणांनी मिळून मेल पाठवलाय. नियमाचा पुनर्विचार चालू आहे, असं उत्तर आलं. बदलला तर अर्धा तारा वाढवीन.