साविन आणि इम्बोल्क: एक जगभर गेला, एक घरीच राहिला

दोन्ही सण आयर्लंडच्या गुराख्यांचे. साविन १ नोव्हेंबरचा: गुरं डोंगरावरून खाली आणायची, हिवाळ्यात पोसता येणार नाहीत ती कापायची. सण आदल्या संध्याकाळीच सुरू होई आणि त्या रात्री मेलेले आणि परलोकातले फिरतात अशी समजूत. चर्चने त्याच तारखेला सर्व संतांचा दिवस पाळला, आणि त्याची आदली रात्र म्हणजे हॅलोविन. पुढे आयरिश स्थलांतरितांनी प्रथा अमेरिकेत नेल्या, कोरलेल्या सलगमाची जागा भोपळ्याने घेतली आणि हॅलोविनची बाजारपेठ उभी राहिली.

इम्बोल्क १ फेब्रुवारीचा, मेंढ्यांना दूध उतरायच्या दिवसांतला. त्याला भुतं नाहीत, मग विकणार काय? तो किल्डेअरच्या संत ब्रिजिटच्या नावाने टिकला. आदल्या रात्री बाहेर कापड ठेवायचं, ब्रिजिट जाताना त्याला स्पर्श करते, मग ते वर्षभर दुखण्यावर वापरायचं. लव्हाळ्याचा क्रूस विणून दारावर लावायचा, घराला आग लागू नये म्हणून. ब्रिजिट आधी देवी होती की नाही, यावर अभ्यासक अजून भांडतात.

मला इम्बोल्क जास्त भावतो. २०२३पासून आयर्लंडमध्ये त्याची सार्वजनिक सुट्टीही आहे. हॅलोविनला ती नाही, ऑक्टोबरातल्या शेवटच्या सोमवारच्या सुट्टीवरच भागवावं लागतं.