सॉफ्टवेअरचा करार: गावचे वकील, मुंबईची फर्म की ऑनलाइन नमुना?

देवगडच्या एखाद्या बागायतदाराने पेट्यांचा आणि वाशीच्या दलालांचा हिशेब ठेवायला सॉफ्टवेअर करून घेतलं. ते उत्तम चाललं आणि आता राजापूरपर्यंतची पॅकहाऊसं (माल निवडून पेट्या भरणारी केंद्रं) तेच सॉफ्टवेअर भाड्याने मागताहेत. सल्ला कुणाचा घ्यावा?

ओळखीचे वकीलसाहेब रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ कुठेही भेटतात. फी आवाक्यातली असते. शिवाय कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे आपण राहतो किंवा धंदा करतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, तेव्हा भांडणासाठी मुंबई गाठावीच लागते असं नाही. मात्र त्यांच्यातल्या अनेकांचं रोजचं काम जमिनीचं, वाटपाचं, कूळकायद्याचं. म्हणून आधी विचारा: "साहेब, कलम १९ प्रमाणे कॉपीराइटचं हस्तांतरण कधी लिहिलंय का?"

मी याच कलमावर अडून बसतो. १९५७ च्या कायद्यात संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती मानली आहे. पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून तो लिहिला, आणि वेगळा करार नसेल, तर हक्क मालकाचा. बाहेरच्या मुलाकडून करून घेतला, तर पूर्ण पैसे मोजले तरी हक्क सहसा त्या मुलाचाच राहतो. तो हक्क त्याच्याकडून लेखी, सहीनिशी घ्यावा लागतो. त्यातही मुदत घातली नाही तर ५ वर्षं धरतात, प्रदेश घातला नाही तर फक्त भारत. दुबईचा एखादा आयातदार हेच सॉफ्टवेअर मागायला लागला, तर तेव्हा काय दाखवणार? हा कागद गावचे वकील नीट करू शकतात, फक्त मुदत आणि प्रदेश घालायची आठवण आपण ठेवायची.

पॅकहाऊसना सॉफ्टवेअर वापरायला देण्याचा, म्हणजे परवान्याचा करार मात्र मी मुंबई-पुण्याच्या बौद्धिक संपदेच्या वकिलाकडेच देईन. फी झोंबते, पण किती युजर, बिल थकलं तर काय, पॅकहाऊसचा डेटा कुणाचा, हे त्यांना रोजचं असतं. मुलाने जीपीएल परवान्याचा (फुकट वापरता येतो, पण अटींसह) कोड आत वापरला असेल, तर सॉफ्टवेअरच्या प्रती वाटताना सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूरही, द्यावा लागू शकतो. ही तपासणी त्यांच्याकडूनच करून घ्या. व्हिडिओ कॉलवर काम होतं. पेटंटचा आग्रह कुणी धरला तर सावध राहा; पेटंट कायद्याचं कलम ३(के) नुसत्या प्रोग्रॅमला पेटंट देत नाही.

ऑनलाइन मिळणारे तयार करार मी वापरणार नाही, कारण त्यांत बऱ्याचदा परदेशी कायदा लिहिलेला असतो. कॉपीराइट नोंदणी मात्र स्वतः करता येते. सरकारी फी ५०० रुपये, हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं, कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं जोडायची. नोंदणी सक्तीची नाही, पण कोर्टात पुरावा म्हणून उपयोगी पडते.

सगळ्यात आधी त्या मुलाची सही घ्या, तो परदेशी नोकरीला जाण्यापूर्वी.