शेठचा कारखाना की मुंबईची कंपनी?

जळगाव एमआयडीसीत नोकरी शोधणाऱ्यापुढे बहुधा दोन दारं असतात. एक, शेठ आणि त्यांची मुलं चालवतात तो चटईचा, पाइपचा नाहीतर डाळीचा कारखाना. दुसरं, मुख्य कचेरी मुंबईत असलेल्या कंपनीचा प्लांट. नुसता पगाराचा आकडा बघून ठरवू नका, असं मी कळकळीने सांगेन.

फ्रान्समधल्या शेअर बाजारातल्या कंपन्यांवर स्राएर आणि तेस्मार या अर्थतज्ज्ञांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. वारसांनी चालवलेल्या कंपन्या पगार कमी देतात, पण धंदा बसला तरी माणसं सहसा काढत नाहीत, असं त्यात दिसलं. आपल्याकडेही हे ओळखीचं वाटेल. शेठ गावातच राहतात, कामगाराच्या वडिलांना नावाने ओळखतात. मंदीत एखादी पाळी बंद करतील, पण माणूस घरी बसवताना दहादा विचार करतील.

उचल हा यातला सर्वांत नाजूक भाग. बहिणीचं लग्न ठरलं की केबिनमध्ये जायचं, शेठ मुनीमजींना हाक मारणार, संध्याकाळी पैसे हातात. बँक एवढ्या तातडीने देईलच असं नाही. पण ती उचल दरमहा पगारातून फिटेपर्यंत वाढ मागायला तोंड उघडत नाही, युनियनच्या कागदावर सही करायला हात धजत नाही. उपकार खरा असतो, आणि दबावही तितकाच खरा असतो.

कंपनीत हे ओझं नसतं. रजा, ओव्हरटाइम नियमाने. युनियन असेल तर ठरावीक वर्षांनी वेतनकरार. मात्र मॅनेजरची बदली झाली की त्याचा तोंडी शब्द त्याच्याबरोबर जातो. आणि नेमणुकीच्या पत्रावर कंपनीचं नाव आहे की ठेकेदाराचं, ते आधी वाचा. ठेकेदाराचं असेल तर गेटवरच्या मोठ्या पाटीचा तुम्हाला फारसा उपयोग नाही.

मालकी घरची आणि कारभार बाहेरच्यांकडे, असंही होतं. 1945 मध्ये अमळनेरला वनस्पती तेलापासून सुरू झालेल्या विप्रोत मोठा हिस्सा आजही प्रेमजींकडे आहे, मुख्य कार्यकारी अधिकारी मात्र घराबाहेरचा.

गाव सोडणं शक्य नसेल, तर मी शेठच्या कारखान्याकडे झुकेन. फक्त धाकटे शेठ जुन्या कामगारांशी कसे बोलतात ते आधी बघेन, कारण मोठ्या शेठचा शब्द उद्या त्यांनाच पाळायचा आहे. वीस किंवा जास्त कामगार असले की पीएफ कायद्याने लागू होतो. ओळखीच्या जुन्या कामगाराला मोबाइलवर पीएफचं पासबुक दाखवायला सांगा. मधले महिने कोरे दिसले, तर तिथे जाऊ नका.