माती तपासणी चोख, पण पाण्याची पातळी विचारून घ्या

मोरजीला वाळूच्या पट्ट्यात घर बांधायचंय, म्हणून म्हापशाच्या एका लॅबकडून माती तपासून घेतली. 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून सोडतात, त्याच्या ठोक्यांनी नळी 45 सेंटिमीटर जमिनीत घालतात. पहिले 15 सोडून उरलेल्या 30 सेंटिमीटरचे ठोके धरायचे. लॅबचा पोरगा मोठ्याने मोजून लगेच वहीत लिहीत होता, अंदाजपंचे काही नाही. वरच्या थरात ठोके कमी, वाळू बारीक, सैल आणि पाण्यात बुडालेली. जोराच्या भूकंपात अशी वाळू पातळ होते. 1964 साली जपानच्या निगाता शहरात अख्ख्या इमारती कलंडल्या त्या यामुळेच. गोवाही आयएस 1893 या भूकंपासाठीच्या भारतीय मानकाच्या 2016च्या नकाशात झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे.

खटकलं एकच. पाण्याची पातळी मे महिन्यातली धरलेली. पावसाळ्यात आमची विहीर काठोकाठ भरते हो! सांगितल्यावर जादा पैसे न घेता नवा हिशेब दिला, आणि त्या थराचा सुरक्षा गुणांक एकच्या खाली आला, म्हणजे जोराच्या भूकंपात तो पातळ होण्याचा धोका आहे. रिपोर्ट मात्र उशिरा मिळाला, तोही फक्त इंजिनियरलाच कळेल असा. ‘कशाला खर्च, बाब?’ म्हणणाऱ्या कंत्राटदाराला त्याची झेरॉक्स दिलीय. चार तारे.